चार हजाराची तीन घरं

बायको वारली त्याला आता पाच महिने झाले. रेशनकार्डातनं तिचं नाव कमी करायचं तर मरणाचा दाखला लागतो, म्हणून मी धाराशिवला गेलो होतो. खिडकीतल्या बाईनं विचारलं, नोंदीचा नंबर काय. मी चिठ्ठी न बघता सांगितलं, बेचाळीस. तिनं मशीनवर बोटं मारली आणि म्हणाली, असा नंबर नाही.

मी म्हणालो, "बेचाळीसच हाय बाई. पाठ झालाय मला."

"तसं सापडत नाही, काका. पुढची शून्यं धरून सांगा."

"पुढं म्हंजी कुठं?"

मागं रांग होती. रांगेतल्या एकानं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि वाचून दाखवली, चार शून्यं आणि मग बेचाळीस. दाखला मिळाला. माझ्या त्या प्रश्नावर हसणारं जगात एकच माणूस होतं आणि त्याचंच नाव त्या कागदावर होतं.

तो प्रश्न आमच्या घरातला. साठाच्या वर वर्षं तो आमच्यात चालला. कसा आला ते लिहून ठेवतो. मी गेलो की सांगणारं कोणी नाही.

माझं शिक्षण लई नाही. निजामाच्या वेळी शाळा उर्दू होती, तिथं दीड वर्ष बसलो. निजाम गेला, उर्दूचे मास्तर गेले, मराठीचे आले. त्यांच्याकडं दोन वर्षं. तिथं आम्ही घसा फोडून म्हणायचो, एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस. पूज्य म्हणजे शून्य. उर्दूत त्याला सिफर म्हणायचे आणि नुसता ठिपका द्यायचे, मराठीत गोल. तेवढं पक्कं झालं आणि बापानं शाळेतनं काढून औताला लावलं.

महाराष्ट्र झाला त्याच सुमाराला माझं लग्न झालं. आमचं गाव बेंबळीच्या अल्याड. बायको नळदुर्गाकडची. तिला अक्षराची ओळख नव्हती. नजर मात्र अशी की कळपातलं आपलं करडू वेशीतनं ओळखायची.

त्याच साली हिवताप हटवायचं काम आमच्याकडं आलं. आधी फवारावाले आले आणि भिंतींवर औषध मारून गेले. वास लई, पण ढेकणं मेली म्हणून बायका खूश होत्या. मग सायकलवर एक साहेब आला, पुण्याकडचा, बोलायला सभ्य. त्याला प्रत्येक घरावर नंबर घालून पाहिजे होता. त्याच्यापाशी माणूस नव्हता. पाटलानं माझ्याकडं बोट केलं. म्हणाला, हा मराठी दुसरी हाय आणि हात सरळ हाय याचा.

साहेबानं मला काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला. वेशीपासून सुरू कर, म्हणाला, डाव्या हाताची ओळ धर, फिरत फिरत धनगरवाड्यापर्यंत ये. तिथं गाव संपायचं. घरं होती चारशेवर काही. मग त्यानं एक गोष्ट सांगितली ती मला आजही शब्दाला शब्द आठवते.

"सगळे नंबर चार आकडी पाहिजेत. कमी पडतील तिथं आकड्यापुढं शून्यं टाकून चार भरायचे."

मी म्हणालो, व्हय साहेब. तो सायकलवर बसून दुसऱ्या गावाला गेला.

मला त्यात काही अडचण वाटली नाही. पूज्य कुठं येतं ते मला ठाऊक होतं. एक लिहायचा आणि त्याच्या पुढं पूज्य ठेवायचं, की दहा. नांगर पुढं जातो तसा आकडा पुढं जातो, डावीकडनं उजवीकडं. म्हणून मी पहिल्या घरावर एक काढला आणि पुढं तीन पूज्यं दिली. एक हजार. दुसऱ्या घरावर दोन हजार. चौथ्या घरावर चार हजार. असं चार दिवस मी गावभर रंग देत फिरलो. शेवटी शेवटी हात असा बसला की पूज्य एका झटक्यात गोल यायचं.

गावानं ते आकडे लई मनावर घेतले. नवव्या घरावर नऊ हजार आले. तो घरवाला पारावर बसून सांगायला लागला, आमचं घर नऊ हजारी. दहावं घर एका कोष्ट्याचं होतं. त्याला एक हजार आले. पाटलाचं घर पहिलं, त्यालाही एक हजार. कोष्टी म्हणाला, सरकारनं शेवटी मला पाटलाच्या बरोबरीला बसवलं. पाटील त्यावर माझ्याशी बोलेनासा झाला. गावात एक म्हातारा उर्दू शिकलेला होता, त्यानं माझी पूज्यं बघून नाक मुरडलं.

"आमच्या वक्ताला सिफर म्हंजी ठिपका," तो म्हणाला. "हे गोल काय काढलंस? ह्याला आमी पाच वाचतो. पाटलाचं घर एक हजार पाचशे पंचावन्न हाय व्हय?"

सगळे हसले. पण एकाच आकड्याची दोन घरं झाली, हे कसं, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. आकडा म्हणजे मोजायचा, कमी का जास्त बघायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. आकडा म्हणजे घराचं नाव असतं, हे आमच्या डोक्यात नव्हतं.

आमचं घर चाळिसावं. मी स्वतःच्या दारावर चार काढला, पुढं तीन पूज्यं दिली आणि बायकोला दाखवलं. ती म्हणाली, चांगलं दिसतंय.

पावसाळा सरता सरता टोचणीवाला यायला लागला. ते नाव बायकांनी ठेवलं. तो पंधरा दिवसांनी यायचा, घरात कोणाला ताप येऊन गेला का विचारायचा, आला असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा. पट्टीवर आणि वहीत घराचा नंबर लिहायचा. वहीत नावही लिहायचं असायचं. पण तो यायचा दिवसा, दिवसा गडीमाणसं रानात आणि घरात बाया. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. तो विचारायचा, घरमालकाचं नाव काय. एक म्हणायची, पोराचा बाप. दुसरी म्हणायची, ह्या घरचे ते. सुनेचं नाव विचारलं तर सासूच सांगायची, सून हाय माझी, आणखी काय पायजे. महिन्याभरात त्यानं नावं विचारायचं सोडून दिलं. दारावर नंबर होता की. तो परक्या तालुक्यातला, दहा गावं फिरणारा. गाव चारशे घरांचं आणि नंबर हजारांचे, याचं त्याला काही वाटलं नसावं.

दसऱ्याच्या आधी माझ्या बायकोला थंडीताप आला. एक दिवस यायचा, एक दिवस जायचा. आला की दुपारी हुडहुडी भरायची, दोन वाकळा घातल्या तरी खाट वाजायची. मग अंगाची लाही आणि मग घाम. टोचणीवाल्यानं रक्त घेतलं आणि तेव्हाच्या तेव्हा चार गोळ्या दिल्या. आठ दिवस बरी राहिली. परत सुरू. तो म्हणाला, पट्टीचा निकाल येऊ दे, त्यात दोष निघाला तर पाच दिवसांच्या वेगळ्या गोळ्या हायत, त्यानं मुळापासून जातो.

निकाल आला म्हणे. आमच्याकडं मात्र गोळ्या घेऊन कोणी आलं नाही. आम्ही समजलो, हिच्या रक्तात काही निघालं नाही.

तिथनं माझ्या आईनं धरलं. हिवताप नाही म्हणजे दुसरंच काहीतरी. पोरगी रोगट हाय, फसवून दिली आपल्याला. तुळजापूरचा अंगारा झाला, लिंबू झालं. बायको पिवळी पडत चालली, दळायला बसली की जात्याच्या खुंट्याला धरूनच राहायची. दिवाळी झाल्यावर आईनं तिच्या बापाला निरोप धाडला, गाडी घेऊन या आणि पोरगी घेऊन जा, बरी झाली की बघू. बघू म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं. अशी गेलेली सून परत येत नाही. आईच्या भावाला एक पोरगी होती, तिचं बोलणंही घरात निघालं होतं. मी कमावता होतो, पण त्या घरात बोलणारा नव्हतो.

गाडी यायला पाच दिवस होते. अशक्तपणाला शेळीचं दूध द्या असं कोणीतरी सांगितलं, म्हणून ताप नसलेल्या दिवशी बायको स्वतःच तांब्या घेऊन धनगरवाड्यात गेली. दुपारी आली आणि ओट्यावर बसली. मी दावं वळत होतो.

"अहो, आपल्या दारावर तुमी जे काढलंय, ते तिकडं धनगराच्या दारावर बी हाय."

मी म्हणालो, आकडे सगळ्यांच्याच दारावर हायत.

"तसं न्हाई. हेच्या हे. पयलं ते वळलेलं, अन मग तीन टिकल्या. येशीपाशी पाण्याला जाते तिथं बी एका दारावर हेच हाय. तिन्ही सारखी."

"तुला काय कळतंय त्यातलं? वाचायला येतं का तुला?"

"वाचाय येत न्हाई. दिसतं," ती म्हणाली आणि आत गेली.

मला राग आला होता. राग आला म्हणूनच मी उठलो, तिला खोटं पाडायला. धनगरवाड्यात गेलो. चारशेवं घर. चार, पूज्य, पूज्य, ही तर त्याची स्वतःचीच, आणि चौथं भरायला मी एक घातलेलं. चार हजार. तिथनं वेशीला आलो. चौथं घर. चार हजार. आमचं चाळिसावं, ते मला बघायची गरज नव्हती. मी वेशीच्या धोंड्यावर बसलो. एक, दहा, शंभर, तिघं हजार. दोन, वीस, दोनशे, तिघं दोन हजार. बोटांवर मोजत गेलो, बोटं संपली तरी सारखे आकडे संपले नाहीत.

वेशीपाशी त्या चौथ्या घरची सून पाणी घेऊन आली. मी तिच्या सासूला हाक मारून विचारलं, टोचणीवाला तुमच्याकडं आला होता का. म्हातारी म्हणाली, आला होता की, पाच दिवस रोज येऊन सुनेला आपल्यासमोर गोळ्या गिळायला लावल्या. ताप कधीचाच गेला होता तिचा, पडशाचा होता. पण सरकारी माणूस, नाही कसं म्हणायचं.

माझ्या बायकोच्या गोळ्या त्या बाईनं गिळल्या होत्या. टोचणीवाल्याचीही चूक नव्हती. तो वेशीतनं गावात शिरला आणि त्याला पहिलं चार हजार जे भेटलं तिथं थांबला.

पुढचं लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. मी दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. गावात शिकलेला म्हणून माझं नाव झालं होतं. सांगितलं तर पारावर लोक काय म्हणतील, तेच डोक्यात घोळत होतं. गुपचूप रंग आणून आकडे बदलावेत असंही वाटलं. पण आकडे बदलून गोळ्या परत येणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तिला परत हुडहुडी भरली. मी वाकळांवरून तिला दाबून धरलं होतं. तिचे दात वाजत होते. तिला सगळं कळलं होतं. मी धनगरवाड्यात जाऊन आलो हे तिनं ओट्यावरून पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी बेंबळीचा बाजार. साहेब बाजाराला येतो हे मला ठाऊक होतं. मी चालत गेलो. तो चहाच्या दुकानात बसला होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं.

तो चिडला नाही. मला बाहेर घेऊन आला, काडी दिली आणि मातीत चार लिहायला लावला.

"आता याच्यापुढं शून्य टाक."

मी उजवीकडं टाकलं. त्यानं डोक्याला हात लावला आणि डावीकडं बोट ठेवलं.

"मी पुढं म्हणालो ते इकडं."

"ते तर मागं झालं, साहेब."

त्यानं ते उजवीकडचं शून्य बोटानं पुसलं. मग म्हणाला, "मी 'आधी' म्हणायला पाहिजे होतं. निम्मी चूक माझी." पण ती डावीकडची पूज्यं कशाला, ती तर फुकटची, असं मी विचारलं. त्यानं सांगितलं, फुकटचीच असतात, त्यांनी आकडा वाढत नाही. सगळे सारख्या लांबीचे झाले की वहीत एकाखाली एक बसतात, आणि मधला एखादा आकडा पुसला गेला तर लगेच कळतं. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं.

परत रक्त तपासायला वेळ जाणार होता. साहेब म्हणाला, चौथ्या घरी झालंच आहे, उरलेल्या दोन्ही घरी गोळ्या देऊन टाकू, उद्याच माणूस पाठवतो. मी म्हणालो, परवा गाडी येणार हाय. त्याला गाडीचं काही कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

टोचणीवाला आला. पहिल्या दिवसाच्या गोळ्या तिनं माझ्यासमोर गिळल्या. धनगराच्या घरीही सुनेचं रक्त घेतलेलं होतं, तिलाही दिल्या. आई म्हणाली, आता कशाला, जायचीच हाय ती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्याची गाडी दारात उभी राहिली. बैल सोडले नव्हते. बायकोचं गाठोडं ओट्यावर होतं. भावकीतली चार माणसं जमली होती, बघायला. मी गाडीपुढं जाऊन उभा राहिलो.

"मामा, ही रोगट न्हाई. हिला हिवतापच हाय. औषध आलं होतं, ते म्या चुकीचा आकडा घातल्यापायी दुसऱ्याच्या घरात गेलं. पाच दिवसांच्या गोळ्या हायत, कालपास्नं चालू झाल्यात. चार दिवस ऱ्हायलेत."

आई म्हणाली, याला काय कळतंय. मी म्हणालो, आये, मला कळत न्हाई हेच सांगायलोय.

सासरा गाडीतच बसून होता. त्यानं दारावरच्या आकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जावाईबापू, तुमी शिकलेले म्हणून पोरगी दिली होती," तो म्हणाला. "अडाणी बघितला असता तर बरं झालं असतं."

भावकी हसली. मग त्यानं बैल सोडले. चार दिवस तो आमच्या ओसरीवर राहिला. रोज टोचणीवाला आला की तो स्वतः पाण्याचा तांब्या भरून द्यायचा आणि आई चुलीपुढनं उठायची नाही. पाच दिवस झाले. त्यानंतरच्या आठवड्यात ताप आला नाही. सासरा रिकामी गाडी घेऊन गेला.

मग उरले आकडे. साहेबानं रंगाचा नवा डबा दिला. जुन्यावर चुना ओढायचा आणि पुन्हा घालायचे. या वेळी बायको माझ्याबरोबर आली. अंगात अजून जोर नव्हता. चुन्याचं मडकं मीच घेतलं, तिच्याकडं नुसता ब्रश. पण बघणं तिचं होतं. मी आकडा काढला की ती मागं सरकून उभी राहायची. तिला आकडे वाचता येत नव्हते, तिला एवढंच बघायचं होतं की हे चित्र आधी कुठल्या दारावर येऊन गेलं नाही. वेशीपाशी तीन टिकल्या आधी आणि चार शेवटी. आमच्या दारावर चार एक जागा डावीकडं सरकला. धनगराच्या दारावर आणखी एक जागा.

"आता तिघांचा चार तीन जागी बसलाय," ती म्हणाली. "आता व्हय."

गाव मात्र नाराज झालं. नऊ हजारी घरवाल्याच्या दारावर आधी तीन पूज्यं आणि मग नऊ आले. तो म्हणाला, माझं घर पूज्यात घातलंस. कोष्ट्यानं तर दोन दिवस दाराला हात लावू दिला नाही. पाटील तेवढा बोलायला लागला.

चारशेवर दारं तिनं बघितली. एका ठिकाणी मी दोनशे सतराच्या पुढच्या दारावर परत दोनशे सतराच घातला होता, तो तिनं पकडला. मी तिच्याकडं बघून म्हणालो, पुसतो, तू चल पुढं.

"पुढं म्हंजी कुठं?" ती म्हणाली.

तिला लई हसू आलं. तापानंतर पहिल्यांदा. खाली बसून हसली, ब्रश हातातच. त्या घरची बाई बाहेर येऊन विचारायला लागली, काय झालं. मी म्हणालो, काही न्हाई, आकडा चुकला, आणि चुन्याचं मडकं उचलून पुढच्या दाराला लागलो.